वरून पडलेला कोळसा

समजा, तुमच्यासमोर एक पांढरी चिनीमातीची बशी ठेवली आहे. बशीत मूठभर काळे कण आहेत, ज्वारीच्या कण्यांपेक्षा थोडे मोठे. जमिनीखाली पावणेदोन किलोमीटरवर बोअरचं पातं फिरलं, तिथला दगड भरडला गेला, चिखलाच्या पाण्याबरोबर वर आला, धुतला, वाळवला आणि कापडी पिशवीत भरून तुमच्यापर्यंत पोचला. तुमचे डोळे भिंगाला लावलेले आहेत, हातात चिमटा आहे. काम एवढंच आहे की खरा दगड एका वाटीत टाकायचा आणि खोटा दुसऱ्या.

खोटा म्हणजे त्या खोलीवरचा नसलेला. बोअर खाली जात असतो तेव्हा वरच्या थरांच्या भिंती ढासळत असतात. तिथले तुकडे त्याच चिखलात मिसळतात आणि खालच्यांबरोबर मिरवत वर येतात. तुम्हाला हवा आहे शेल. लाखो-करोडो वर्षांपूर्वी पाण्याच्या तळाशी बसलेला, कुजलेल्या पाल्याने आणि शेवाळाने काळा पडलेला, दाबाने दगड झालेला चिखल. त्याच्या पोटात वायू किंवा तेल किती, हे कुणाला तरी ठरवायचं आहे. आणि तुम्हाला नको आहे वरून पडलेला कोळसा. दोन्ही काळे, दोन्ही एका मापाचे. घ्या चिमटा. पहिला कण कुठल्या वाटीत टाकाल?

शालनला दोन सेकंद लागत. शेल मंद काळा असतो, त्याला पापुद्रे असतात, उजेडात धरला तरी तो उजेड गिळून बसतो. कोळसा चमकतो आणि चौकोनी फुटतो. पाण्यात ढवळलं की शेल चटकन तळाला बसतो, कोळसा रेंगाळतो. एवढ्यावरही शंका राहिली तर ती कण दाताखाली धरायची. हे नव्या लोकांना किळसवाणं वाटे. पण दाताला कळतं ते भिंगालाही कळत नाही, असं तिला शिकवणारे साहेब म्हणत, आणि ते साहेब दगडांतले डॉक्टर होते.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या आणि रबराच्या कारखान्यांमध्ये चेपलेली दुमजली प्रयोगशाळा आहे. तेल शोधणाऱ्या कंपन्या तिथे दगड पाठवतात. शालन तिथे लागली बाटल्या धुवायला, बावीस वर्षांपूर्वी. लागल्यानंतर महिन्याभरातच एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती रेशनचे तांदूळ निवडत बसली होती, ट्रे पालथा घालून त्याच्या पाठीवर. म्हातारे साहेब मागे येऊन कधी उभे राहिले, तिला कळलं नाही. तिची बोटं खडे उडवत होती आणि नजर दुसरीकडेच, शेजारणीशी गप्पांत. साहेबांनी एक बशी आणून पुढ्यात ठेवली. म्हणाले, "हे निवडून दाखवा बघू, ताई."

तिथून पुढे ती निवडत राहिली. पिशवी उघडायची, कण धुवायचे, मंद भट्टीत वाळवायचे, निवडायचे, मग अकीक नावाच्या कठीण दगडाच्या खलात दळून पीठ करायचं. दोन नमुन्यांच्या मध्ये खलात पांढरी वाळू दळून टाकायची, म्हणजे आधीच्याचा कण पुढच्यात जात नाही. चुनखडी असेल तर आम्लात बुडवायचं, ते फसफसून शांत होईस्तोवर थांबायचं. मग तिच्या हातचं चिमूटभर पीठ यंत्रात जळे आणि पडद्यावर आकडा उमटे, दगडात सेंद्रिय कार्बन शेकडा किती. दोन आला तर बघू म्हणतात. दहा आला तर धावत सुटतात.

साहेब निवृत्त झाले. ठेकेदार बदलले, पाच वेळा. प्रत्येक ठेकेदाराने नवं कार्ड दिलं आणि प्रत्येक कार्डावर तिच्या नावापुढे एकच शब्द लिहिला: अकुशल. 'ताई'ची 'मावशी' झाली. नव्या भूशास्त्रज्ञांना, बारा-बारा हजार पानं वाचून आलेल्यांना, ती पहिल्या आठवड्यात बसवून निवडायला शिकवी. ते सहा महिन्यांत सर होत. ती अकुशल ती अकुशलच.

घरी भगवान, तिचा नवरा, यावरून तिला चिडवी. ती राहते उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत. भगवान त्याच गल्लीत एका शेठकडे कटिंग मास्टर. ऐंशी थर कापड एकावर एक ठेवून तो एका दमात कापतो आणि ऐंशीच्या ऐंशी पाय सारखे निघतात.

"मी बघ, चौथी नापास, तरी मास्टर," तो म्हणे. "तू नववी पास आणि अकुशल. तुझ्या लॅबवाल्यांना सांग, कॅम्प तीनला येऊन शिका."

"तुम्ही जीन्स कापा हो गपचूप," ती म्हणे. पण ते तिला लागे.

या गल्लीचा आणि त्या प्रयोगशाळेचा एक धागा होता, आणि तोच पुढे तिच्या गळ्यात अडकला. टेबलं पुसायचे कागद संपले की स्टोअरमधून निरोप येई: "मावशी, तुमच्याकडं जीन्सच्या चिंध्या फुकट मिळतात ना? आणा की पोतंभर." ती आणी. शेअर रिक्षात मांडीवर पोतं घेऊन आणी. त्या चिंध्यांनी टेबल पुसलं जाई, भट्टीचं दार धरलं जाई, हात पुसले जात. खलाला मात्र तिने कधी कापड लावलं नाही. खल वाळूनेच साफ होतो, हे साहेबांचं वाक्य होतं आणि तिच्यासाठी ते खलावरच कोरलेलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर चाळीस पिशव्या आल्या. दूर पूर्वेकडच्या कोळशाच्या पट्ट्यातला बोअर होता. वर कोळशाचे थर, खाली शेलचा जाड पट्टा. प्रत्येक पाच मीटरला एक पिशवी. विक्रांत, बदलापूरहून येणारा तरुण भूशास्त्रज्ञ, तिच्याकडूनच दोन वर्षांपूर्वी चिमटा धरायला शिकला होता. तो घाईत आला.

"मावशी, चाळीस आहेत. शुक्रवारी रिपोर्ट जाणार."

एक नमुना नीट निवडायला तीन तास लागतात. तिने पहिल्या तीन पिशव्या घेतल्या. १८१५ मीटर, १८२०, १८२५. दीड दिवसात निवडून झाल्या, आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की हे प्रकरण साधं नाही.

"विक्रांत सर, ह्यात वरचा कोळसा पडलाय."

"असतोच थोडा."

"थोडा नाही. पाच वाट्या भरा, त्यात एक वाटी कोळशाची. हे न निवडता जाळलं तर आकडा कोळशाचा येईल, शेलचा नाही येणार."

"मावशी, क्लायंटला रिझल्ट पाहिजेत. निवडलेले तांदूळ नकोयत." हे तो हसत म्हणाला. शेजारचे दोघं पण हसले. "उरलेले तसेच दळा. अमित सरांना विचारलंय मी."

अमित सर म्हणजे प्रयोगशाळेचे मॅनेजर. शालनने उरलेल्या सदतीस पिशव्या सांगितल्याप्रमाणे तशाच दळल्या. पण दळण्याआधी तिने साहेबांनी लावलेली सवय पाळली. आधीच्या तीन धरून चाळीसही पिशव्यांत एकेक चिठ्ठी टाकली: 'वरून पडलेला कोळसा, पाचवा हिस्सा. न निवडता जाळू नये.' मराठीत, तिच्या गोल अक्षरात. तिच्या बाजूने चूक झाली असेल तर ती इथे. चिठ्ठी पिशवीत राहते, पिशवी गोदामात जाते. संगणकावरच्या फॉर्ममध्ये शेरा लिहायचा रकाना असतो, पण तो इंग्रजी आणि त्याला पासवर्ड. हेल्परने तिथे हात लावायचा नसतो. फॉर्मवर चाळीसच्या चाळीस ठिकाणी शेरा गेला: निल, म्हणजे काही नाही.

यंत्र चालवायची जिज्ञासा, बदलापूरजवळच्या गावातली आगरी पोरगी. ती दुसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाली, "ताय, तुमचं पहिलं तीन बगा कसं आलं. दोन पॉइंट एक, दोन पॉइंट चार, एक पॉइंट नऊ. आनी बाकीचं समदं नऊच्या वर, दहा, अकरा. अमित सर बोल्लं मशीन बिगारली."

"मशीन नाही बिघडली, बाई," शालन म्हणाली. तिचा घास हातातच राहिला. "तेच तीन खरे आहेत. मी निवडलेले."

ती तशीच उठून अमित सरांच्या काचेच्या केबिनपाशी गेली. सर फोनवर होते. त्यांनी मान हलवली आणि हाताने खूण केली: बघतो. दुपारी त्या तीन पिशव्यांतलं न निवडलेलं उरलेलं मागवून घेतलं गेलं, दळलं गेलं, पुन्हा जाळलं गेलं. तिन्ही दहाच्या आसपास आले. रिपोर्टमध्ये चाळीसही नमुने एका रांगेत शहाण्या पोरांसारखे उभे राहिले आणि वर लिहिलं गेलं की या शेलमध्ये वायूची शक्यता अत्युत्तम आहे.

दहा महिने गेले.

त्या दहाच्या भरवशावर दुसरा बोअर मारला गेला. या वेळी भुगा नाही, सळईसारखा अख्खा गाभा काढला. गाभ्यात वरचं काही पडत नाही, जिथला दगड तिथलाच. तो दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेला आणि आकडा आला दोनच्या आसपास. एकाही नमुन्यात तीन नाही. मग कंपनीचं पत्र आलं, कडक, आणि अंबरनाथच्या त्या इमारतीत आठवडाभर कुणी मोठ्याने हसलं नाही.

चौकशी झाली. गोदामातून पिशव्या काढल्या, उरलेलं पीठ भिंगाखाली धरलं. एका पिठात एक निळा धागा सापडला.

एक.

शालनला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा विक्रांत खाली बघत होता. अमित सरांनी एक कागद पुढे सरकवला. "काही विशेष नाही, शालनमावशी. इंटर्नल पेपर आहे. क्लायंटला काहीतरी कारण द्यावं लागतं ना? सही करा आणि कामाला लागा."

"घरी नेऊन वाचते."

"अहो, वाचण्यासारखं काही नाहीये त्यात."

"मग न्यायला काय हरकत आहे, सर?"

संध्याकाळी तिच्या मुलीने, अस्मिताने, तो कागद वाचला. अस्मिता रसायनशास्त्रात बीएस्सी, शहाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला. मग ती मराठीत सांगू लागली. "आई, इथं लिहिलंय की तू, म्हणजे अकुशल हेल्पर, खल पुसायला जीन्सच्या सुती चिंध्या वापरल्यास. कुणाला न विचारता. त्या सुताच्या कार्बनमुळे चाळीसही नमुन्यांचे आकडे फुगले. आणि तू ही चूक मान्य करतेस."

शालन पाटावर बसली होती ती उठली. "कुणाला न विचारता? पोतं मागवलं कुणी? मी हौसेनं नेलं काय रिक्षात मांडीवर?"

"चूप, चूप, शेजारी ऐकतायत," भगवान म्हणाला.

"ऐकू देत! बावीस वर्षं मी अकुशल. आणि एका दिवसात एवढी कुशल झाले की चाळीस नमुने एकटीने नासवले, आणि तेही सगळे सारखे! तुम्ही ऐंशी पाय सारखे कापता, मास्टर म्हणतात तुम्हाला. मला आता काय म्हणायचं?"

भगवानला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. कागद हातात घेऊन तो बराच वेळ बघत बसला, वाचता येत नसला तरी. मग म्हणाला, "एक सांग. नऊ-दहा यायला सूत किती लागंल?"

कटिंग टेबलाशी आयुष्य काढलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, किती कापडात किती माल. अस्मिताने वही ओढली. सुती धाग्यात शंभरातले चव्वेचाळीस भाग कार्बन. दगडात मुळात दोन. दोनाचे दहा करायचे तर सूत किती, याचा तिने दोनदा हिशेब केला आणि दोन्ही वेळा उत्तर आलं की शंभर भाग पिठात जवळजवळ एकोणीस भाग सूत पाहिजे. दहा ग्रॅम पिठात सुमारे दोन ग्रॅम.

"दोन ग्रॅम म्हणजे काही फार नाही," अस्मिता म्हणाली.

"तुला सूत काय म्हाईत, पोरी," भगवान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने कटरखाली साचलेला निळा भुगा पिशवीत भरून आणला. शालनने अस्मिताची शाळेतली दगडी पाटी माळ्यावरून काढली, फुटका कोपरा मोडला आणि लोखंडी खलबत्त्यात पीठ केलं. पाटीचा दगड शेलचाच थोरला भाऊ, जास्त दाबलेला. मग तिघं बाजारातल्या सोनाराकडे गेली, कारण गल्लीत ग्रॅमचा काटा त्याच्याकडेच.

"भाभी, ये क्या तुलवाने लाये हो?" दुकानातल्या सिंधी काकांनी चष्मा वर केला. "सोना छोड़के कचरा?"

"तोलो काका," भगवान म्हणाला. "बस, मेकिंग चार्ज मत लगाना."

आठ ग्रॅम पाटीचं पीठ म्हणजे सपाट दोन चमचेसुद्धा नाही. दोन ग्रॅम सूत तोलताना मात्र काका भर घालतच राहिले. काट्याच्या पारड्यात ते मावेना, वरून हाताने दाबून धरावं लागलं. शेवटी मूठभर निळा ढीग झाला. शालनने दोन्ही एका पारदर्शक पिशवीत घालून हलवलं. पीठ दिसेनासंच झालं. पिशवीत दिसत होता तो गोधडी उसवल्यावर निघतो तसला निळा गोळा.

ती ते बघून हसली नाही. तिचा राग आता थंड झाला होता, आणि थंड झालेला राग तिला नवा होता. लॅबमधल्या इतक्या शिकलेल्या माणसांपैकी कुणालाही हे दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणजे कळत नव्हतं असं नाही. कळून लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात अंबरनाथच्या रिक्षा स्टँडवर जिज्ञासाने तिला गाठलं. आधी इकडेतिकडे बघितलं.

"ताय, तुमाला येक सांगतंय, माजा नाव घेऊ नका. सूत जाललं ना, तं मशीनच्या ग्राफमदं तिसरा डोंगर उटतंय. पयला डोंगर तयार तेलाचा, दुसरा होनाऱ्या तेलाचा, तिसरा कार्बन डायऑक्साइडचा. सुताचा तिसरा डोंगर मलंगगडासारखा दिसला पायजे. तुमच्या चालीस नमुन्यांत तो बारकी टेकरी हाय. म्या बगितलंय."

"मग तू केबिनमध्ये का नाही बोललीस?"

जिज्ञासाने गळ्यातलं कार्ड ओढणीखाली सरकवलं. तीही ठेकेदाराचीच होती. शालनला तिच्यावरही राग आला, मग स्वतःवर आला की राग कुणावर काढायचा तेही आपल्याला धड कळत नाही.

"आनी ते पयलं तीन," जिज्ञासा हळूच म्हणाली, "त्यांच्या फायली मशीनमदं नायत. त्या दिवसाचा सोला नंबर हाय, मंग येकदम वीस. सतरा, अठरा, येकोनीस नाय."

सोमवारी शालन केबिनमध्ये गेली तेव्हा तिने कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी निळी पिशवी.

"हे काय?" अमित सर म्हणाले.

"तुमच्या कागदाप्रमाणे दहा ग्रॅम नमुना. एवढं सूत घातलं की दोनाचे दहा होतात. असं पीठ मी यंत्राकडे पाठवलं असतं, तर विक्रांत सर, तुम्ही जाळलं असतं?"

विक्रांतने पिशवीकडे बघितलं आणि त्याचे कान लाल झाले.

"मावशी, हे सायन्स नाही," अमित सर म्हणाले.

"बरं. मग सायन्सचं विचारते. सूत जळालं तर तिसरा डोंगर कुठाय?"

सर पुढे झुकले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

खरं आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. कुणी सांगितलं, एवढंच. पुढे कितीतरी दिवस शालनला तोच प्रश्न आठवत राहिला.

"बावीस वर्षं त्या यंत्राशेजारी झाडू मारतेय, सर. कानात बोळे नव्हते घातले."

"हे बघा." सरांनी आवाज खाली आणला, समजावणीचा. "तुमचं नाव बाहेर कुठं जाणार नाही. 'हेल्पर' एवढंच जाईल. तुमचं काही जात नाही. आमची मात्र मान्यता जाईल, साठ माणसांची नोकरी जाईल. तुम्ही शहाण्या आहात."

"आता शहाणी? कार्डावर लिहून द्या मग."

"मावशी..."

"त्या दहावर कुणाच्या तरी शेताच्या बांधावरनं रस्ता पाडून तुम्ही दुसरा बोअर मारायला लावलात. त्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, कुठल्या तरी हेल्पर बाईनं चिंध्या वापरल्या म्हणून माझं शेत गेलं. तो बाईला शिव्या देईल. माझं नाव नाही, पण ती बाई मीच ना? मी चाळीस पिशव्यांत चाळीस चिठ्ठ्या टाकल्या होत्या. गोदामातून पिशव्या काढल्या तेव्हा त्या कुणाला दिसल्या नाहीत आणि एक धागा दिसला?"

विक्रांतने खिडकीकडे मान वळवली. चिठ्ठ्या त्याने पाहिल्या होत्या, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

"सही करणार की नाही?" अमित सर म्हणाले. "नाही केली तर ठेकेदार काय करेल ते माझ्या हातात नाही. नवं कॉन्ट्रॅक्ट एक तारखेपासून आहे, तुम्हाला माहितीय."

"पेन द्या."

सरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि स्वतःचं पेन पुढे केलं. सहीची जागा खाली उजवीकडे होती. शालनने त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत, चिठ्ठीवर लिहायची तशाच गोल अक्षरात, मराठीत तीन ओळी लिहिल्या. मग खाली पूर्ण नावाची सही केली. कागद उलटा करून त्यांच्याकडे सरकवला, निळी पिशवी तिथेच ठेवली आणि बाहेर आली. बाहेर येऊन तिने आपला खल घेतला, त्यात पांढरी वाळू टाकली आणि दळून दळून चकचकीत केला. दुसऱ्याचा कण त्यात राहायला नको.

एक तारखेला ठेकेदाराच्या यादीत तिचं नाव नव्हतं. जिज्ञासा म्हणते, आता निवडायला कुणी नाही. नमुने आले तसे दळतात. शालन भगवानच्या कारखान्यात जीन्सचे सुटे धागे कापायला बसते. बोटं तीच, नजर तीच. शेठ म्हणतात, भाभी के हाथ का पीस रिजेक्ट नहीं आता. तिथेही कार्ड नाही, त्यामुळे निदान त्यावर अकुशल लिहिलेलं नाही.

तिने लिहिलेल्या कागदाचा फोटो अस्मिताने आधीच मोबाईलवर काढायला सांगितला होता, आणि शालनने सही करताच केबिनच्या टेबलावरच तो काढला होता, सरांच्या देखत. त्याची प्रत तिने रजिस्टर पोस्टाने तेल कंपनीला पाठवली. पत्ता शोधावा लागला नाही. बावीस वर्षं पिशव्यांवरचे पत्ते तीच तर उतरवून घेत होती. पोचपावतीचं कार्ड सहीनिशी परत आलं. उत्तर आलं नाही. पोस्टमन गल्लीत दिसला की ती अजून कात्री थांबवते. भगवान आता चिडवत नाही, नुसता बघतो.

त्या कागदावरच्या तीन ओळी अशा आहेत: '१८१५, १८२० आणि १८२५ मीटरचे नमुने मी हाताने निवडले होते. त्यांचे पहिले आकडे २.१, २.४ आणि १.९ आले होते, म्हणजे गाभ्यात आले तेवढेच. ते तीन आकडे यंत्रातून कुणी पुसले, आणि माझ्या चाळीस चिठ्ठ्या कुठे आहेत?'